माय मदर वेन्ट

परवा रिक्षा विडी कामगारांच्या वस्तीतून गेली आणि तंबाखूचा वास आला. आठवीतल्या लक्ष्मीच्या वहीला हाच वास यायचा. घरी विड्यांच्या सुपाशेजारी बसून ती अभ्यास करायची.

मी इंग्रजी शिकवायचे. मुलांनी मनातलं लिहावं म्हणून एकदा 'माझी आई' हा विषय दिला. लक्ष्मीनं एकच ओळ लिहिली : माय मदर वेन्ट. मी लाल पेनानं खाली विचारलं, 'कुठे गेली? वाक्य पूर्ण कर.'

मधल्या सुट्टीत ती वही घेऊन टेबलापाशी आली.

"टीचर, आई वारली की दिवाळीत. कुटं गेली म्हनून लिहू?"

'आई गेली.' मराठीतलं ते वाक्य तिनं जसंच्या तसं इंग्रजीत आणलं होतं. जन्मभर मीही ते ऐकत, बोलत आले होते. हातात लाल पेन होतं, तेव्हा तेवढं ऐकू आलं नाही. वाक्य पूर्णच आहे, एवढं तरी तिला सांगायला हवं होतं. मी पेनाला टोपण लावलं, आणि घंटा झाली.

दुसऱ्या दिवशी तिनं वही आणून दिली. मी वर्गात घोटून घेतलेलं वाक्य, सुवाच्य अक्षरात : माय मदर वेन्ट टू द मार्केट.

'द'सुद्धा विसरली नव्हती.