कोवळे बांबू

स्वातंत्र्यानंतरच्या तीन-चार वर्षांत यावलजवळच्या आमच्या शिवारात विहिरींवर इंजिनं बसली आणि बघता बघता कपाशीच्या जागी केळी उभी राहिली. आमचं इंजिन आलं तेव्हा मी पंचविशीत होतो. ते सुरू झालं की आपण फार शहाणे झालो असं मला वाटे. वडिलांना, म्हणजे आबांना, तसं वाटत नसे. पण बाग त्यांनी माझ्यावर सोपवली होती.

केळीचा घड भरला की झाड वाकतं, त्याला बांबूचा टेकू द्यावा लागतो. हे बांबू सातपुड्यातल्या पाड्यावरचा एक पावरा आदिवासी म्हातारा दर फाल्गुनात आणून देई. आम्ही त्याला दादा म्हणायचो. त्याची तोडायची रीत मी एकदा पाहिली होती. बेटातल्या एकेका बांबूवर तो कोयत्याची पाठ आपटून कान देई, एखादा तोडे आणि चार सोडून देई. त्या वर्षी उगवलेल्याला तर हातही लावत नसे. पुढचे कोंब त्याच्याच मुळाशी फुटतात, म्हणे. मला वाटलं, म्हाताऱ्याला भरपूर वेळ आहे.

बाग दुप्पट केली त्या साली त्याचे बांबू पुरेनात. "अजून आन ना," मी म्हटलं.

"यंदा एवढेच निघतीन, भाऊ," तो म्हणाला.

तेवढ्यावरून माझं डोकं फिरलं. त्याला न सांगता मी परवाना काढला, शेजारच्या दोघांना घेतलं आणि चार गाड्या डोंगरात, दादा तोडायचा त्याच बेटांकडे नेल्या. सरळ, हिरवेगार, हाताला गुळगुळीत लागणारे बांबू आम्ही दोन दिवसांत सपासप पाडले. जुने, वाकडे तिथेच ठेवले. गाड्या गावात शिरल्या तेव्हा माझी मान ताठ होती. आबांनी एक बांबू नखाने खरवडला आणि म्हणाले, "कोवळा हाये रे." मी कानाआड केलं.

वैशाखात त्या बांबूंना भुंगेरा लागला. टेकूखाली रोज पिवळी भुकटी पडायची. आबांना दिसू नये म्हणून मी ती पायाने पुसून टाकायचो. मग एका दुपारी वारा सुटला. फार मोठा नव्हता. दादाच्या टेकूंवरची झाडं उभी राहिली, माझ्या टेकूंवरची आडवी झाली. अर्धी बाग गेली. आबा बांधावर नुसते बसून राहिले. ते मला बोलले असते तर बरं झालं असतं.

पावसाळा सरल्यावर मी डोंगरात गेलो. आम्ही तोडलेल्या बेटांत एकही नवा कोंब नव्हता. दादा तिथेच भेटला. "चुकलं, दादा," मी म्हटलं. वाचलेल्या एका बेटाचा तुकडा मुळासकट खणून त्याने माझ्या गाडीत ठेवला. "वावरात लाव. केयी पिकव, पन टेकू तुह्या घरचा असू दे."

नाल्याकाठच्या केळीच्या दोन ओळी काढून मी ते बेट लावलं. शेजारी हसले. इंजिनाचं पहिलं पाणी मी तिकडेच सोडायचो.

डोंगरात तोडण्याजोगं उरलं नाही, तसं दादाचं बांबू आणणं थांबलं. तो आमच्याच बागेत घड वाहायला येऊ लागला. मी त्याला काम दिलं, आणि खोटं कशाला बोलू, आपण उपकार करतोय असंही मला काही दिवस वाटलं.

पाचव्या वर्षी बेट तोडायला आलं. कोयता मी त्याच्याच हातात दिला. सगळ्या बांबूंवर आपटून, ऐकून त्याने एकच तोडला. "बाकीचे पुढच्या साली," म्हणाला. मी तो उचलून बागेकडे निघालो तर दादाने दुसरं टोक सोडलं नाही.

"भाऊ, हा मले देशीन का? घराचं आढं मोडलं हाये."

ज्याने इतकी वर्षं आमची बाग सावरली, तो माझ्याकडे एक बांबू मागत होता. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी मान डोलावली.

त्याने पुढचं टोक खांद्यावर घेतलं. मागचं मी घेतलं आणि त्याच्या पाड्यापर्यंत चालत गेलो.