नातीची शू आणि मोडक्या शिंगाची म्हैस

आमची नात सात वर्षांची झाली तरी चड्डीतच शू करायची. आडवळणानं सांगायची मला सवय नाही, म्हणून पहिल्या ओळीतच लिहून टाकलं. त्या वर्षी आमच्या घरात दुसरा विषयच नव्हता.

तिला ऑटिझम आहे हे ती चार-साडेचार वर्षांची असताना कळलं. तोवर कोणी तिला मुकी म्हणायचं, कोणी बाहेरची बाधा म्हणायचं. मिरजेच्या एका डॉक्टरांनी नाव सांगितलं आणि समजावलं, की तिला ऐकू येतं, कळतंही, पण आपल्यासारखं नाही. जागा बदलली, आवाज बदलला, माणूस बदललं की ती बिथरते. बोलत तर ती नव्हतीच. यावर औषध नाही म्हणाले. मला तरी नाव कळल्याचं बरं वाटलं. लोकांच्या तोंडावर मारायला काहीतरी झालं.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. कोल्हापुरात अशा मुलांसाठी एक शाळा निघाली होती. आधी बालवाडीतून आम्हाला हात जोडून परत पाठवलं होतं, तेव्हा हे एवढं एकच दार उरलं होतं. शाळेच्या बाई चांगल्या होत्या, पण स्पष्ट बोलल्या. म्हणाल्या, मुलं भरपूर आणि मदतीला आया एकच, ती किती चड्ड्या बदलणार? जूनपर्यंत संडासात जायला शिकवा, मी जागा ठेवते. नाही जमलं तर पुढच्या वर्षी बघू.

पुढचं वर्ष म्हणजे आणखी एक वर्ष पोरगी दिवसभर भिंतीला पाठ घासत बसणार. सुनेनं बाईंना हो म्हणून सांगितलं आणि रिक्षात बसल्यावर मला विचारलं, "आत्ती, जमंल काय?"

मी म्हटलं, "न जमून सांगतंय कुणाला?"

पण जमेना. अंगणाच्या कडेला आमचा संडास. लेकानं हौसेनं पांढऱ्या फरशा बसवल्या होत्या. आत पाय ठेवला की पोरगी कानावर हात दाबून किंचाळायची. त्या चार भिंतींत बादली ठेवल्याचा आवाजसुद्धा घुमायचा, तो तिला सोसत नव्हता. सुनेनं प्लास्टिकचं भांडं आणलं, तर तिनं ते पालथं घालून भोवऱ्यासारखं फिरवलं. सून पतसंस्थेत नोकरीला. सकाळी जायच्या आधी आणि आल्यावर ती घड्याळ लावून तिला बसवायची. पोरगी बसायची, उठायची आणि दोन पावलं जाऊन उभ्यानं करायची. शेजारीण सल्ला द्यायला आली, "मावशी, एक थोबाडीत द्या की, लगेच शिकंल."

मी म्हटलं, "आदी तुज्या नवऱ्याला देऊन बघ. त्याची दारू सुटली की मला सांगाय ये."

ती महिनाभर आमच्याकडे फिरकली नाही.

आमचा धंदा म्हशींचा. घरामागं गोठा, त्यात पाच म्हशी. संध्याकाळी त्यातल्या दोन गंगावेशीच्या कट्ट्यावर न्यायच्या. तिथं लोक उभ्या उभ्या धारेचं दूध पितात, ग्लासात फेस असतो तोवर. माझे मालक वारल्यावर कट्टा लेकानं धरला आणि घरची धार माझ्याकडे. सून कामाला गेली की पोरगी माझ्यामागं गोठ्यात यायची आणि पेंडीच्या पोत्यावर बसायची. तिथं ती कधी किंचाळली नाही. म्हशी तिच्याकडे बघत नव्हत्या, तिला काही विचारत नव्हत्या, तेच तिला आवडत असावं.

त्यातली एक मोडक्या शिंगाची. तिनं शेपूट उचललं आणि दगडावर धार पडायला लागली, की पोरगी उठून उभी राहायची, दोन्ही हात पाखरासारखे हलवायची आणि हसायची. मला वाटायचं, तिला गंमत वाटते.

एका सकाळी मी धार काढत होते. मोडक्या शिंगाचीनं शेपूट उचललं. पोरगी उठली, नालीपाशी गेली, फ्रॉक वर धरला, खाली बसली आणि केली. म्हशीच्या बरोबरीनं. नालीत, जिथं करायची तिथं.

माझ्या हातात सड तसेच राहिले. ओरडावंसं वाटत होतं, सगळ्या गल्लीला बोलवावंसं वाटत होतं. पण धारेला बसल्यावर ओरडलं तर म्हैस दूध वर ओढून घेते, आणि ही पोरगीही तसलीच. मी बसल्या जागेवरून हळू म्हटलं, "केलीस व्हय? बरं केलंस." आणि पुन्हा धार काढायला लागले. निम्मी धार चरवीच्या बाहेर गेली.

ती उठून आपल्या पोत्यावर बसल्यावर मी सैपाकघराच्या दारात जाऊन सुनेला सांगितलं. ती पिठाच्या हातानं पळत गोठ्यात गेली आणि नालीकडे अशी बघत राहिली, जणू तिथं सोनं सांडलंय. तिला हसूही येत होतं आणि डोळेही भरले होते. मी म्हटलं, रडायचं नंतर, आधी पोळी जळतीय ती बघ.

त्या दिवसापासून आम्ही तिला तिथंच नेऊ लागलो. चड्ड्या कोरड्या राहायला लागल्या. आम्ही सगळे इतके खूश, की नवी अडचण लक्षात यायला बरेच दिवस गेले. पोरगी म्हशीनं केली तरच करायची. तीही मोडक्या शिंगाचीनं. दुसऱ्या म्हशीनं केली तर ही ढुंकून बघायची नाही.

मग सगळं घर म्हशीच्या शेपटाकडे डोळे लावून बसलं. सुनेला कामावर जायची घाई, ती आतून विचारायची, "आत्ती, केली का?"

"कुणी? म्हशीनं का पोरीनं?"

"कुणीबी, पन लवकर."

मी म्हशीच्या आंबोणात मूठभर मीठ जास्त टाकू लागले, म्हणजे ती पाणी जास्त पिईल. म्हैस पाणी प्यायची, आमच्याकडे बघत रवंथ करायची आणि आम्ही कंटाळून उठलो की मग शेपूट उचलायची. गल्लीतली माणसं जाता-येता चौकशी करायला लागली. शेवटी लेक एकदा जेवता जेवता म्हणाला, "आई, जूनमदी दोघींचं बी नाव घालूया शाळंत. म्हस बसू दे मागच्या बाकावर."

सगळे हसलो. सून हसता हसता थांबली. तिच्या डोळ्यांसमोर जून आला असणार. शाळेत म्हैस कुठली?

मिरजेला गेलो. डॉक्टरांना सगळं सांगितलं तर तेही पोट धरून हसले. मग म्हणाले, हे वाईट नाही, करायची एक जागा असते हे ती शिकलीय. आता एका वेळी एकच गोष्ट बदला, दोन नको. ती बिचकली तर एक पाऊल मागं या.

हे मला लगेच पटलं, कारण नवी म्हैस आम्ही कट्ट्याला अशीच लावतो. घरी घागरभर दूध देणारी म्हैस एकदम कट्ट्यावर नेली, तर गाड्यांचे हॉर्न आणि ग्लास घेऊन उभी माणसं बघून थेंब देत नाही. म्हणून आधी गोठ्यात धार काढायची, मग गोठ्याच्या दारात, मग अंगणात, मग गल्लीच्या तोंडाला. चरवी तीच, माणूस तेच, हाक तीच. जागा तेवढी सरकवायची. तिनं दूध चोरलं तर आदल्या जागेवर परत. हे मी सुनेला सांगितलं. तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "पन आदी म्हस काढाय पायजे, आत्ती. जागा मागनं."

म्हैस काढायची कशी, तेही तिलाच सुचलं. ते तिचं डोकं, माझं नव्हे. तिनं तांब्यात पाणी घेतलं आणि पोरीच्या मागं उभी राहून उंचावरून नालीच्या दगडावर धार सोडली. पोरीनं तांब्याकडे बघितलं. मग म्हशीकडे बघितलं. तिला फसवलेलं कळलं असं मला वाटलं. सून धार सोडतच राहिली, तांब्या संपत आला आणि पोरगी खाली बसली.

आम्ही दोघी एकमेकींकडे तोंड दाबून बघत होतो. सुनेनं रिकामा तांब्या छातीशी धरला होता.

मग जागा सरकवायला लागलो. नालीवरून गोठ्याच्या दाराशी, तिथून धुण्याच्या दगडाशी. प्रत्येक नवी जागा जमली की मला इतका हुरूप यायचा, की मी दिवसभर तेच सांगत फिरायचे. दूध न्यायला आलेल्या गिऱ्हाइकाला मी सांगायचे, आज धुण्याच्या दगडावर केली. माणूस हातातल्या दुधाकडे बघायचा.

मे उजाडला आणि आम्ही घाई केली. पोरगी संडासाच्या दारापर्यंत आली होती. आम्ही एकाच दिवशी तिला आतही नेलं आणि दारही लोटलं. दोन गोष्टी एकदम. ती अशी किंचाळली, की गोठ्यातल्या म्हशी उठून उभ्या राहिल्या. त्यानंतर तिनं दिवसभर शू धरून ठेवली. पोट टणक झालं. संध्याकाळी सून रडवेली होऊन दवाखान्यात न्यायचं म्हणायला लागली, तेव्हा मी पोरीला उचलून गोठ्यात नेलं आणि नालीवर बसवलं. मोकळी झाली. पण आम्ही पुन्हा पहिल्या पायरीवर. लेक म्हणाला, आता पुढच्या वर्षी बघू. सुनेनं कोपऱ्यातला तांब्या उचलून भरून ठेवला.

पुन्हा नाली, पुन्हा दार, पुन्हा दगड. या वेळी पोरगी भराभर पुढं आली, वाट ओळखीची असल्यासारखी. पांढऱ्या फरशीवर आम्ही पेंडीचं रिकामं पोतं अंथरलं. दार सताड उघडं. सुनेनं तांब्याची धार धरली. आणि केली, संडासात, वर छप्पर असलेल्या जागी. लेक बाहेर अंगणात उभा होता. त्यानं शिट्टी वाजवायला तोंडात बोटं घातली, मी त्याच्या पाठीत धपाटा घातला. घरात त्या दिवशी मटणाचा तांबडा-पांढरा रस्सा केला. पोरीनं नुसता भात खाल्ला.

बाईंनी सांगितलं होतं, शाळा उघडली की आणून बसवा, मी स्वतः बघते आणि मग ठरवते. सुनेला रजा नव्हती, म्हणून मी गेले. घरच्या माणसानं फाटकाबाहेर बसायचं, असा तिथला नियम. आया शाहूवाडीकडची, धिप्पाड आणि तोंडाळ. मी तिच्या हातात तांब्या दिला आणि म्हशीपासून सगळं सांगून कसं करायचं ते समजावलं. ती म्हणाली, "आज्जी, माजा हात भरून आला तर पगारवाढ तुमी देनार काय?" पण तिनं धार धरली. पोरीनं केली नाही. दुपारी घरी आल्यावर गोठ्याकडे पळाली. दुसऱ्या दिवशी तेच. आया म्हणजे माणूस नवं, दार हिरवं, आवाज वेगळा, सगळं एकदम बदललेलं. आणि इथं जागा सरकवायला मधे अंगण नव्हतं. बाई फाटकापाशी आल्या आणि म्हणाल्या, आठवडाभर बघू, पण तिला त्रास होत असेल तर मी ओढणार नाही. त्यांचं खोटं नव्हतं. मी घरी जाऊन सुनेला हे सांगितलंच नाही.

तिसऱ्या दिवशी मी फाटकाला नाक लावून उभी होते. मधल्या सुट्टीत आयानं मुलांची ओळ केली. आमची पोरगी ओळीत, तिच्या पुढं एक लठ्ठ मुलगा. तो आत गेला, दार उघडंच ठेवलं, आणि त्याची धार पडायला लागली. चांगली दणदणीत, दगडावर पडावी तशी. पोरगी ताठ झाली. तिचे हात हलायला लागले. मुलगा बाहेर आला. पोरीनं त्याला बाजूला सारलं, आयाचा हात धरला, ओढत आत नेलं आणि बसली.

आया बाहेर आली ती ओरडतच, "बाई, केली हिनं. आज्जीची म्हस आली की शाळंत." त्या मुलाला ती पुढं वर्षभर म्हसोबा म्हणायची, आणि तो हाक मारली की खूश होऊन यायचा. बाई हसत फाटकाशी आल्या. म्हणाल्या, सोमवारपासून पूर्ण वेळ पाठवा.

कोपऱ्यावर फोनचं दुकान होतं. मला नंबर फिरवता येत नव्हता, दुकानदारानं लावून दिला. पतसंस्थेत कोणा पुरुषानं उचलला. मी म्हटलं, सुनेला द्या. तो म्हणाला, गिऱ्हाईक आहे, निरोप सांगा. मग मी निरोप सांगितला, जरा मोठ्यानंच, "तिला सांगा, पोरीनं शाळंत शू केली. घेतलं तिला."

मागं फोनसाठी थांबलेला माणूस दोन पावलं मागं सरकला. तिकडं खुर्ची सरकल्याचा आवाज आला आणि सून फोनवर आली. मी म्हटलं, "बोल की, मीटर पळाय लागलंय."

"आत्ती," ती म्हणाली, "दार लावून का उघडं ठिवून?"

"उघडं ठिवून."

"बरं," ती म्हणाली. "मग आता दाराचं बघू."