मागे घेतलेला दावा

नाना गेल्याचा फोन आला तेव्हा मी धुळ्यात कळण्याच्या भाकरी थापत होते. सुनेने गॅस बंद केला, तर मी म्हणते, तव्यावरची तेवढी होऊ दे... धाकटा भाऊ गेला आणि बहिणीला भाकरीचं पडलेलं.

नाना जळगावला वकील. सातपुड्याच्या पायथ्याची माणसं सकाळपासून त्याच्या मेहरूणच्या घराच्या ओसरीवर बसलेली असायची. त्यातली एक शेवंताबाई. वनखातं तिला कसत्या जमिनीवरून उठवत होतं, नानाने कोर्टातून मनाई आणली होती. दर तारखेला ती फडक्यात मोहाची फुलं बांधून आणायची.

मग नाना आमदार झाला. अंगावरचा गुलाल निघायच्या आत त्याने तिला बोलावलं. मी तिथेच होते.

"बाई, आता सरकारच्या बाजूला बसून सरकारवरच दावा बरा दिसत नाही. बठ्ठ्यांसाठी, एकट्या तुझ्यासाठी नाही, कायदाच दुरुस्त करतो. तू दावा मागे घे."

"मंग माले कोनी काढावं नही ना, नाना?"

"अगं, आमदार बसलाय तुझ्यापुढे."

नाना हसला, मीही हसले. तिने अंगठा दिला.

दावा मागे घेताना पुन्हा लावायची मुभा कोर्टाकडून मागून ठेवायची असते. नवशिका वकीलही मागतो. नानाने मागितली नाही, कायदाच बदलणार होता ना... त्याचं विधेयक कधी चर्चेलाच आलं नाही. दाव्याबरोबर मनाईही गेली होती. पेरलेल्या रानात खात्याने चर खोदले, आणि शेवंताबाईचं घरदार गुजरातेत ऊसतोडीला गेलं. पुढच्या खेपेला नाना पडला. पुन्हा काळा कोट चढवून तिचा नवा दावा लावायला गेला. न्यायाधीशांनी विचारलं, आधीचा का मागे घेतला? "माझ्या सल्ल्याने," नाना म्हणाला. दावा टिकला नाही. हे त्याने मला जेवताना सांगितलं, मान वर न करता. त्यानंतर तो ओसरीवरच्या वेताच्या खुर्चीत नुसता बसून राहायचा. कोणी कागद पुढे केला तर म्हणायचा, दुसरा वकील बघ.

सुतक फिटायच्या दिवशी, गंधमुक्तीला, शेवंताबाई आली. आत आली नाही, ओसरीवर आपल्या जागी बसली.

"अक्का, माले मना कागद द्या."

मी गठ्ठा आणून दिला. शाळा न शिकलेली मी, अक्षर ओळखायला नानाच्याच फायलींवर शिकले. ती म्हणाली, त्या दिवशी अंगठा दिला तो कोणता, दाखवा. मी शोधून दिला. तिने तेवढा एकच वेगळा काढला आणि नानाच्या खुर्चीवर ठेवला.

"हाऊ नानाना."

बाकीचे आपले म्हणून पदरात बांधून ती गेली.

महिना झाला, मी अजून मेहरूणलाच आहे. पंखा लावला की तो कागद फडफडतो. उचलून फाईलला लावावा असं रोज मनात येतं... ओसरी झाडते, खुर्चीभोवतीची फरशी पुसते, आणि कागद तिथेच राहतो.