रुमिनीची वेगळी प्रत

रुमिनीला आडनाव नाही. तिच्या बापाला नव्हतं, आज्यालाही नव्हतं; जावा बेटावरच्या क्लातेनमध्ये त्यावाचून कुणाचं काही अडत नाही. अडलं ते कॉम्प्युटरचं. गावच्या आरोग्य केंद्राचा कॉम्प्युटर ती घरून सांभाळते. त्यातला फुकटचा प्रोग्राम परदेशातल्या मंडळींनी लिहिलेला, आणि आडनावाशिवाय तो पेशंटची नोंदच घेईना. मग रुमिनीने त्याची स्वतःची वेगळी प्रत काढली आणि ती अट उडवून टाकली. एका दुपारचं काम.

त्या एका दुपारीने तिची सहा वर्षं खाल्ली. मूळ प्रोग्राम दर आठवड्याला बदले. ते बदल आपल्या प्रतीत ओढून घेतले की आडनावाची अट कुठून तरी पुन्हा डोकं वर काढी, आणि बाई ओळ न् ओळ धुंडाळत बसे. न ओढावेत तर प्रत मागे पडे. कढईत सोयाबीनचं टेम्पे करपायचं, आणि ही मागे राहिलेल्या बदलांचा आकडा बघत बसायची: दोनशे, तीनशे, चारशे बारा.

"अगं, तुझी दुरुस्ती त्यांनाच पाठव की! एकदाची कटकट मिटेल," नवरा वागिमान म्हणायचा.

"एवढी मोठी माणसं. त्यांना कशाला त्रास?"

भीड भिकेची बहीण म्हणतात, ती अशी.

गेल्या मंगळवारी तिने धीर करून बदलांची यादी वाचायला घेतली. दहा किलोच्या आतल्या मुलांना तापाचं औषध किती द्यायचं, ते प्रोग्राम दुप्पट दाखवत होता. मूळ मंडळींनी ती चूक तीन महिन्यांपूर्वीच सुधारली होती. हिच्या प्रतीत ती तशीच होती.

स्कूटर काढून ती केंद्रावर धावली. नर्स तुमिराह, गावाच्या 'बू' म्हणजे बाई, एका बाळाचं वजन करत होत्या.

"बू, तापाचं औषध! किती दिलंत पोरांना?"

"जेवढं द्यायचं तेवढंच. तुझा कॉम्प्युटर दुप्पट सांगतो, म्हणून मी आपली पेन्सिलीनं मांडते. घाम पूस आधी."

"कधी कळलं तुम्हाला?"

"पहिल्याच दिवशी."

"मग बोलला का नाहीत?"

"एवढी राबतेस गं. तुला आणखी कशाला त्रास?"

रुमिनीला रडूही आलं आणि संतापही. "आणि तुम्ही रजेवर असता तर, बू?"

बूंनी बाळ आईच्या हातात दिलं.

रुमिनी तिथेच कॉम्प्युटरपुढच्या बाकावर बसली. आधी औषधाची दुरुस्ती आपल्या प्रतीत घेतली. मग मूळ मंडळींना पत्र लिहायला घेतलं. पहिलं वाक्य 'त्रासाबद्दल क्षमा असावी' असं उमटलं. ते तिने पुसलं आणि लिहिलं: 'तुमच्या प्रोग्राममध्ये सहा वर्षं एक चूक आहे: आडनावाची अट. मला ती पहिल्या दिवसापासून माहीत होती.'