‘डॉक्टर म्हणाले’, असं मी म्हणाले

माझ्या आईनं मला फसवलं, हे मी पुष्कळ जणांना सांगितलं आहे. शाळेतल्या मैत्रिणींना, नवऱ्याला, एकदा तर बसमध्ये शेजारी बसलेल्या अनोळखी बाईलासुद्धा. ऐकून सगळे हळहळतात. पण त्या गोष्टीला एक मागचा भाग आहे, आणि तो मी आजवर कोणाजवळ बोलले नाही — नवऱ्याजवळही नाही. तुम्ही मला ओळखत नाही, तेव्हा तुमच्याजवळ सोपं जाईल असं वाटलं होतं. जात नाहीये.

आधी लोकांना सांगते तेवढं सांगते. आईचा डावा गुडघा दुखायला लागला, तेव्हा माझा धाकटा भाऊ प्रमोद तिला उमरेडहून नागपूरला घेऊन आला. धंतोलीत, दवाखान्यांच्या भागात, एका नव्या डॉक्टरला दाखवलं, आणि दोघं संध्याकाळच्या बसनं परत गेली. मी इथेच, नागपूरला लागून वाडीला राहते. मला फोन नाही. घरी येणं नाही. मला कळलं ते आठवड्यानं, आईच्या शेजारणीकडून — आणि तीही मला ठाऊकच असेल असं समजून बोलली.

तुम्हाला काय वाटलं असतं? आमच्या घराण्यात कॉलेजात गेलेली मी पहिली. गावाकडचं कोणीही धंतोलीला दाखवायला निघालं की आधी फोन मला — काका, मावशी, भाऊजींचे भाऊजी. कोणता डॉक्टर, काय खाऊन यायचं, जुने एक्स-रे आणायचे की नाही, सगळं मी सांगायचे. पेशंट बाहेर बाकावर आणि मी आत. डॉक्टर हिंदी-इंग्रजीत बोलत, मी बाहेर येऊन आमच्या भाषेत सांगे. सगळे मान डोलवत. आणि माझी स्वतःची आई माझ्या गावात येऊन मला न सांगता निघून जाते?

मी फोन केला तेव्हा रडतच होते. विचारलं, काहून नाही सांगितलं? आई म्हणाली, "तुले सांगतलं असतं तं तू आली असती."

इथपर्यंत मी लोकांना सांगते. इथे लोक म्हणतात — काय बाई माणसं असतात, इतकं केलं त्याचं हे फळ.

आता मागचं.

आई लांब पोळ्या करायची. लग्नाकार्यांत, मोठ्या जेवणावळींत. कणीक पाण्याचा हात लावून परातीत आपटून-आपटून इतकी सैल करायची की ती हातावर ओघळायची. मग दोन्ही हातांवर कोपरापर्यंत खेळवत ती लांबवायची आणि चुलीवर पालथ्या घातलेल्या मडक्यावर अलगद सोडायची. मांडवाच्या मागे जमिनीवर चुलींची रांग असते आणि प्रत्येक चुलीपाशी एक बाई उकिडवी बसलेली. आईची जागा वाऱ्याच्या बाजूची, कारण तिच्या हातची पोळी वाऱ्यानंही फाटत नसे. बाबा लवकर गेले. माझी फी, वसतिगृह, बी.एड. — सगळं त्या मडक्यावर झालं. हे मी कधी विसरले नाही. शाळेत शिक्षिका म्हणून निवड झाली तेव्हा पेढे घेऊन मी सगळ्यात आधी तिच्या चुलीपाशी गेले होते.

आणि नोकरी लागल्याबरोबर मी तिला सांगितलं, हे आता बंद कर.

मला सांगायची सवय आहे. सवय म्हणते आहे, पण — स्वभावच म्हणा. प्रमोदनं काय शिकावं, कुठं नोकरी धरावी, त्याच्या बायकोनं बाळाला कधी वरचं खाणं सुरू करावं, सगळं मी ठरवलं. बहुतेक वेळा बरोबरच ठरलं, तीच तर अडचण. "ताईले विचारा" हे घरातलं शेवटचं वाक्य झालं. मला वाटायचं, हे प्रेम आहे. जे शिकले ते घरच्यांच्या कामी आणते आहे. नाही म्हणणारी घरात एकच होती, तीही एकाच बाबतीत. मी पोळ्या बंद कर म्हटलं की आई हसायची. "मंग दिवसभर का करू वं जोती? तुह्यासारखी लोकाइले शिकवत बसू?" बाकीच्या बायका पदर तोंडाला लावून हसायच्या. मी पण हसायचे. पण मनात ते वर्षानुवर्षं टोचत राहिलं — माझं सगळे ऐकतात, हीच काहून नाही ऐकत?

मग तिचा उजवा गुडघा गेला. तेव्हा धंतोलीला मीच घेऊन गेले. आई बाकावर बसली, मी आत. डॉक्टर भले होते, वेळ देऊन बोलले. गुडघा झिजला आहे, म्हणाले, पण घाई काही नाही. औषध, व्यायाम, पट्टा — यावर दोन-तीन वर्षं सहज निघतील. बदलला तर चालणं छान होईल, पण जमिनीवर बसता येणार नाही. उकिडवं तर नाहीच, कधीच. मग त्यांनी विचारलं, माताजी काम क्या करती हैं? मी सांगितलं. ते म्हणाले, मग त्यांनाच विचारा. उनका काम है, डिसिजन उनका होना चाहिए.

मी दार उघडून बाहेर आले. दोन पावलं असतील. त्या दोन पावलांत मी काय विचार केला, हे मला आठवतं का? आठवतं. काहीच विचार केला नाही. आधीपासून सगळं तयारच होतं.

मी आईला म्हणाले, डॉक्टर म्हणतात ऑपरेशन आत्ताच करावं लागेल, नाहीतर चालणं बंद होईल. ती घाबरली. माझ्या तोंडाकडे पाहत राहिली. मग एकच गोष्ट विचारली — पुन्हा सांगते, तिनं फक्त एकच गोष्ट विचारली.

"मले खाली बसता येईन ना?"

मी म्हणाले, "हो. सहा महिन्यांत. डॉक्टर म्हणाले."

हेच ते. बाकी सगळं याच्या भोवतीचं आहे.

आत परत जाऊन मी डॉक्टरांना सांगितलं, मी आईला विचारलं, ती तयार आहे. दिवाळीच्या सुट्टीत ऑपरेशन झालं. चांगलं झालं. मी रात्रंदिवस तिच्यापाशी होते, तिचे केस विंचरले, तिला भरवलं. दवाखान्यातल्या बायका म्हणायच्या, मुलगी असावी तर अशी. मी ते ऐकून घ्यायचे.

सहा महिने झाले. आईनं ओट्याला धरून खाली बसायचा प्रयत्न केला. जमलं नाही. तिनं मला फोन केला. आणि मी काय म्हणाले असेन? इथं मला थांबावंसं वाटतं. मी म्हणाले — तू व्यायाम नीट करत नाहीस.

तिनं व्यायाम वाढवला. प्रमोदची बायको सांगायची, सासूबाई दुखून डोळ्यांत पाणी येईपर्यंत पाय वाकवतात. मी फोनवर विचारायचे, किती वेळा केला, कसा केला, आणि रागवायचे. नातेवाइकांत सांगायचे, आईनं आळस केला, नाहीतर आज बसली असती. हे वर्षभर चाललं. मग तिनं विचारणं सोडलं. लग्नांत तिला मांडवात खुर्ची देतात. मागून चुलींचा धूर येतो आणि ती मागे वळून बघत नाही. एकदा तिच्या जोडीदारणीनं हाक मारली, "ये ना वं, नुसती उभी तं राह्य." ती गेली नाही. पाय दुखते म्हणाली. बदललेला गुडघा दुखत नव्हता.

मला हवं होतं तेच झालं. पोळ्या बंद झाल्या.

आता पुन्हा त्या दिवसाकडे येते, ती मला न सांगता नागपूरला आली त्या दिवसाकडे. आईशी बोलून माझं समाधान झालं नाही, म्हणून मी प्रमोदला फोन लावला. त्याच्यावर खूप ओरडले. तो बिचारा मान खाली घालून ऐकून घेत होता — फोनवरही कळतं ते. मग तो हळूच म्हणाला, ताई, एक विचारू का? नव्या डॉक्टरनं आईला सांगितलं होतं, की गुडघा बदलल्यावर खाली बसता येतच नाही, व्यायाम किती का करा. आईला हे माहीत नाही, याचं त्यांना नवल वाटलं. त्यांनी विचारलं, हे तुम्हाला आधीच्या डॉक्टरनं सांगितलं नाही?



प्रमोद म्हणाला, "मी पण तेच इचारलं आईले. तं आई म्हणे, सांगतलं असन बाबू, मलेच समजलं नसन."

तिनं हे डॉक्टरसमोर म्हटलं. माझ्या भावासमोर म्हटलं. तिला त्या क्षणी सगळं कळलं होतं — मला शंका नाही. ज्या बाईला व्यायाम करत नाही म्हणून मी वर्षभर बोलले, ती तिथे बसून एका परक्या माणसासमोर स्वतःला अडाणी म्हणवून घेत होती.

प्रमोद वाट पाहत होता. त्याला माझ्याकडून ऐकायचं होतं. अजून वेळ होता. तोंडाशी आलं होतं.

मी म्हणाले, "हो. तिला समजलं नसेल."

त्यानं ते खरं मानलं. आजही मानतो. डाव्या गुडघ्याचं ऑपरेशन आईनं करून घेतलेलं नाही. माझ्याशी ती चांगली बोलते. आणि आईनं मला फसवलं, हे मी त्यानंतरही लोकांना सांगत राहिले.

तिला सगळं नीट समजलं होतं. मी जे सांगितलं, नेमकं तेच तिला समजलं होतं.