पोरगी रडायलीय

आमच्या घरात चार वर्षं एकच कायदा होता: पोरीला रडू द्यायचं नाही.

ती जन्मली तेव्हाच डॉक्टरांनी दोन गोष्टी सांगितल्या. डाउन सिंड्रोम आहे, आणि हृदयात छिद्र आहे. पहिली गोष्ट जन्मभराची. दुसरीला ऑपरेशन होतं, पण वजन वाढल्यावर. तोवर फार रडली की प्राणवायू कमी पडणार, ओठ जांभळे होणार. तसं झालं तर तिचे गुडघे दुमडून छातीशी घट्ट दाबून धरायचे, हे बेळगावच्या डॉक्टरीणबाईंनी मला स्वतः करून दाखवलं. मी किती वेळा धरले, देवाला माहीत. गॅसवर दूध उतू जाऊ दे, दारात पाहुणे असू देत, आधी गुडघे. ओठ परत गुलाबी होईपर्यंत माझाच श्वास अडकलेला असायचा.

मग काय, निपाणीतली आमची अख्खी गल्ली तिच्या सेवेला. शेजारच्या आक्कांची हयात तंबाखूच्या वखारीत गेलेली, भल्याभल्यांना त्या ऐकत नाहीत. पण हिनं नुसतं तोंड वाकडं केलं की बिस्किटाचा पुडा घेऊन धावत यायच्या. नवरा मोबाईल द्यायचा. एकदा बेळगावच्या बसमध्ये कंडक्टरच्या शिट्टीसाठी तिनं भोकाड पसरायची तयारी केली. मी हात जोडून कारण सांगितलं, बिचाऱ्यानं शिट्टी देऊन टाकली. संकेश्वर येईपर्यंत हिच्या शिट्टीवर ड्रायव्हरनं तीनदा गाडी थांबवली. लोक वैतागले, आणि ही खदाखदा हसायची. मला लाज वाटली, पण खरं सांगते, मजाही लई वाटली.

ऑपरेशन झालं, चांगलं झालं. सहा महिन्यांनी तपासून डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आता रडली तरी चालतंय. भिऊ नका." मी मान डोलावली आणि घरी येऊन कायदा तसाच चालू ठेवला. भीती काय टाक्यांबरोबर निघते?

मग अंगणवाडीत घातली. आठ दिवसांत तिथल्या बाईंनी मला बोलावून घेतलं. ही दुसऱ्यांचा खाऊ ओढते, दिला नाही तर चावते.

मी म्हटलं, "बाई, तिला कळत न्हाई हो."

"सगळं कळतंय. तुम्ही लाडावून ठेवलीया. असंच चाललं तर पोरं तिला खेळात घ्यायची न्हाईत."

असा राग आला मला! आम्ही काय सोसलंय ते ह्या बाईला काय माहीत, असं पुटपुटत निघाले. पण वाटेतच ते खेळात न घेणं बोचायला लागलं. आणि दुसरंही एक. आजवर जो तो तिला 'बिचारी' म्हणायचा. 'लाडावलेली' म्हणणारी ही पहिलीच. म्हणजे माझी पोरगी चारचौघींच्या पोरांसारखीच की!

त्याच दुपारी जेवताना तिनं मोबाईल मागितला. "न्हाई. आधी भात," म्हटलं आणि मोबाईल कपाटावर ठेवला. तिला आधी खरंच वाटेना. मग ताट भिरकावलं आणि असला टाहो फोडला की बोलायची सोय नाही.

माझे हात आपसूक तिच्या गुडघ्यांकडं गेले. कसेबसे मागं घेतले. उंबऱ्यावर जाऊन बसले, नजर तिच्या ओठांवर. पुडा घेऊन आक्का हजरच.

"अगं बाई, पोरगी रडायलीय!"

"व्हय आक्का. रडू द्या. ओठ तेवढे बघा."

आक्का पुडा पोटाशी धरून माझ्याजवळ टेकल्या. पाच मिनिटं झाली, दहा झाली. ओठ लालच. नखं लालच. तांबडीबुंद होऊन, नाक गळत, रागानं पाय आपटत रडत होती. एवढं रडणं मी तिचं कधी ऐकलंच नव्हतं.

तेव्हा माझाच बांध फुटला. चार वर्षांचं सगळं एकदम आलं. आक्का माझ्या पाठीवरनं हात फिरवायला लागल्या, तशी मी आणखीच हुंदके द्यायला लागले.

तिचं रडणं थांबलं. भाताची शितं तुडवत ती माझ्यापाशी आली. माझ्या तोंडाकडं टक लावून बघितलं. मग खाली बसली, आणि दोन्ही हातांनी जोर लावून माझे गुडघे माझ्या छातीकडं ढकलायला लागली.