सोळा जणी आणि पोलिसांचा ट्रक

पुसदला सून म्हणून येऊन मला दोन वर्षं झाली होती. साठ सालानंतरची ती वर्षं. आदल्या साली पावसानं दगा दिला आणि उन्हाळा लागता लागता रेशनच्या दुकानातली ज्वारी नाहीशी झाली. मिळायचा तो लाल गहू, तोही किडका. सासूबाई त्याच्या पोळ्या लाटायच्या आणि तव्यावर टाकताना एकेका पोळीला शिव्या द्यायच्या. एरवी त्यांच्या शिव्या फक्त म्हशीच्या वाट्याला येत.

एका सोमवारी पुरुषांचा मोर्चा तहसील कचेरीवर गेला. मोर्चा शांत होता. घोषणा होत्या, निवेदन होतं. निवेदन घ्यायला कोणी बाहेर आलंच नाही. आले ते लाठीवाले. माझे यजमान शाळेत गणित शिकवायचे. एका पायात चप्पल आणि फाटका सदरा अशा अवस्थेत ते घरी आले.

"चष्मा कुठाय?" मी विचारलं.

"कचेरीपाशी," ते म्हणाले. "बहुतेक दोन ठिकाणी."

दुसऱ्या दिवशी सकाळी दात घासता घासता त्यांना पोलिसांनी उचललं. गावातली तीसेक माणसं त्या दिवशी अशीच गेली: वकील, शिंपी, छापखानेवाला, बाजारातले हमाल. सगळ्यांना यवतमाळच्या जेलात पाठवलं. कोणावर काय आरोप आहे, ते विचारायला गेलेल्या दोघांनाही आत घेतलं, म्हणून पुढे कोणी विचारलं नाही. शाळा बंद, बाजार बंद. मग दवंडी आली: कलम एकशेचव्वेचाळीस लागू झालं आहे, पाच किंवा त्याहून जास्त माणसांनी एकत्र यायचं नाही.

सासूबाई दारातच उभ्या होत्या. दवंडीवाला पुढं गेल्यावर त्यांनी मला विचारलं, "पाच म्हंजे पाच? चार चालते?"

"कायद्यानं चालतं, आत्याबाई."

"मंग चारच जाऊ."

मला वाटलं, त्या चिडून बोलल्या. पण संध्याकाळपर्यंत त्यांनी आम्हा दोघींसकट सोळा बायका जमवल्या होत्या. जमवल्या म्हणजे एका ठिकाणी नाही. एकेकीच्या घरी जाऊन, विहिरीवर उभं राहून, पापड लाटायच्या निमित्तानं. आमच्या म्हशीला गवताचा भारा घालणारी एक बंजारा बाई होती. तिचा नवरा बाजारात हमाली करायचा, त्यालाही उचललं होतं. सासूबाईंनी तिला सांगितलं तेव्हा तिनं भारा खाली टाकला, घागरा वर खोचला आणि म्हणाली, "कवा निघाचं?"

"उद्या. रिकामी थाळी घेऊन ये."

बुधवारी सकाळी आम्ही निघालो. चार बायका पुढं, पन्नास पावलांवर दुसऱ्या चार, मग तिसऱ्या, मग चौथ्या. हातात रिकामी थाळी आणि पळी. घोषणा द्यायच्या नाहीत असं ठरलं होतं, नुसतं वाजवायचं. भीती होतीच, पण खरं सांगते, मजाही येत होती. लग्नानंतर मी पहिल्यांदाच डोक्यावरून पदर न घेता बाजारातून चालले होते, आणि तेही सासूच्या मागून.

चौकात पोलिसांचे जमादार उभे होते. ते आमच्याच मागच्या गल्लीत राहायचे, रोज आमच्याकडून ताक न्यायचे. त्यांनी आधी पहिल्या चौघी मोजल्या. मग दुसऱ्या चौघी मोजल्या. मग टोपी काढून डोकं खाजवलं.

"काकू, हे काय करून राह्यले तुम्ही?"

"चालून राह्यलो. चौघी हाओ."

"अन मांगच्या?"

"त्याइले इचार. त्याइची अन आमची वळख नाही."

दुकानांच्या फळ्यांआडून लोक हसले. जमादारही हसणार होते, पण तेवढ्यात कचेरीकडून जीप आली. जीपमधल्या साहेबांनी खाली न उतरताच हात हलवला आणि शिपाई धावून आले. थाळ्या रस्त्यावर घरंगळल्या. एका तरुण शिपायाची लाठी सासूबाईंवर आली. त्यांनी थाळी आडवी धरली, तरी मनगटाच्या वर फटका बसलाच. मी ओरडले. सासूबाई मात्र त्या पोराकडे बघत राहिल्या, आणि तोच मागं सरला.

मग ट्रक आणला. फळी उंच होती आणि सासूबाईंचा एक हात कामातून गेलेला.

"स्टूल आन," त्या जमादारांना म्हणाल्या. "अटक कराची त नीट करा."

चहाच्या दुकानातून स्टूल आलं. एकेक करून सोळा जणी चढल्या. ट्रक सुरू झाला तसं कोणीतरी दळणाची ओवी धरली आणि आम्ही सगळ्या गाऊ लागलो. ठाण्यासमोरून ट्रक तसाच पुढं गेला. गाव संपलं, वाशीमच्या रस्त्यानं घाट लागला. गाणं हळूहळू थांबलं. कुठं नेताहेत, कोणालाच कळेना.

घाटात, सागाच्या जंगलात, ट्रक थांबला.

"उतरा," जमादार खाली बघत म्हणाले.

"अठी?"

"साहेबाचा हुकूम हाय, काकू. बायाइले ठेवाले कोठडी नाही. अठीसा सोडाचं, पायी येऊ द्याचं, म्हंजे पुन्हा मोर्चा काढनार नाहीत, असं म्हने साहेब."

वैशाखाचं ऊन, रस्त्यावर पाखरूसुद्धा नाही. ट्रक आम्हाला सोडून पुढच्या वळणाकडे गेला, वळवायला जागा तिकडेच होती. एक वयस्क बाई रडायला लागली. मलाही रडू येत होतं. तेवढ्यात आमच्या मागं कोणीतरी खो खो हसलं. ती बंजारा बाई पोट धरून रस्त्याकडेला बसली होती.

"हासून काहून राह्यली वो?" सासूबाईंनी दटावलं.

"हासू नाई त काय करू, माय! सरकारनं मले माहेरी आनून सोडलं ना!"

तिचा तांडा तिथून मैलभरावर होता, खालच्या नाल्यापलीकडे. जंगलातून पायवाट होती. ती पुढं आणि आम्ही तिच्या मागं. वाटेत टेंभुर्णं पिकली होती. तिनं झाड हलवलं आणि आम्ही लहान पोरींसारख्या खाली वाकून वेचली. तांडा दिसला तशी तिनं लांबूनच हाक दिली, "याडी ए!" तिची आई धावत आली. मायलेकी गळ्यात पडल्या. मग त्या म्हातारीनं आम्हा पंधरा जणींकडे बघितलं. एवढं वऱ्हाड कुठून आलं, हे तिनं विचारलं नाही.

"आव, बेस," ती म्हणाली, आणि पाण्याचा हंडा आणवला.

सासूबाईंच्या हाताला तिनं हळद आणि कसला तरी पाला बांधला. तांड्यातल्या घराघरातून पीठ गोळा झालं. ते ज्वारीचं होतं, मागच्या साली पेवात जपलेल्या दाण्यांचं. जाड बाट्या, म्हणजे त्यांच्याकडच्या भाकरी, मिरचीचा ठेचा आणि तुरीचं वरण. सासूबाईंनी पहिला घास खाल्ला आणि डोळे मिटले. फटका बसला तेव्हा न आलेलं पाणी त्यांच्या डोळ्यांत तेव्हा आलं.

आमचं जेवण चालू असतानाच तांड्यातली कुत्री भुंकायला लागली. बघतो तर नाल्यातून जमादार येताहेत, मागं दोन शिपाई, तिघंही धुळीनं माखलेले. त्यांच्या ट्रकच्या स्प्रिंगचा पाटा वळणावरच तुटला होता. ड्रायव्हर तिथं थांबला होता, आणि हे तिघं पाणी शोधत निघाले होते. आम्हाला बघून ते जागच्या जागी थांबले.

मग सासूबाईंनी आवाज दिला, "या ना, जमादार. पन आता अठी चारच्या वर मानसं हायेत. कलम मोडते तुमचं."

जमादार मटकन खाली बसले आणि हसायला लागले. इतकं हसले की त्यांना ठसका लागला. त्यांच्या पुढ्यातही बाट्या आल्या. एक शिपाई मात्र बाजूला बसून राहिला. तोच, लाठी मारणारा. त्याच्याकडे कोणी बघत नव्हतं. सासूबाई उठल्या, डाव्या हातानं त्याच्यापुढं थाळी ठेवली.

"जेव, बापा. हात तुहा होता. काठी कोनाची होती, ते मले माईत हाय."

तो खाली मान घालून जेवला. जेवण झाल्यावर त्यानं त्यांच्या पायांना हात लावला. त्यांनी पाय मागं घेतले नाहीत.

मुक्काम तिथंच झाला. सकाळी तांड्यातल्या माणसांनी दोन बैलगाड्या जुंपल्या आणि आम्ही निघालो. गाड्यांत जागा नव्हती म्हणून जमादार आणि शिपाई बाजूनं पायी चालत होते. ऊन चढल्यावर त्यांनी टोप्या काढल्या आणि लाठ्या आमच्या गाडीत ठेवल्या. पुसदच्या वेशीत आम्ही शिरलो तेव्हा गावाला जे दिसलं ते असं: सोळा बायका गाड्यांत आरामात बसलेल्या, त्यांच्या मांडीवर पोलिसांच्या लाठ्या, आणि पोलिस उघड्या डोक्यानं पायी. पाच मिनिटांत बातमी फिरली की बायकांनी पोलिस पकडून आणले. एकशेचव्वेचाळीस कलमाची कोणालाच शुद्ध राहिली नाही. सगळा बाजार रस्त्यावर आला. इतक्या माणसांवर लाठी चालवायला साहेबांकडे पुरेसे लाठीवालेही नव्हते, कारण त्यातले तीन आमच्याबरोबर होते.

चार दिवसांनी ज्वारीचे ट्रक आले. यवतमाळहून आमची माणसं सुटायला मात्र तीन आठवडे लागले. यजमान वाळून आले. दाढी वाढलेली, चष्मा नाही. छापखानेवाल्याचा उजवा हात पुन्हा नीट वळला नाही, त्यानं डाव्या हातानं छपाईचे खिळे जुळवायला शिकून घेतलं. यजमानांना शाळेनं ताकीद दिली आणि त्यांची वेतनवाढ रोखली. जमादारांची बदली पार झरीकडच्या जंगलातल्या चौकीवर झाली. निघताना ते ताकाचं गाडगं परत द्यायला आले आणि म्हणाले, "काकू, बदली झाली ते बेसच झालं. तठी मोर्चे नसतात."

"अन असले त?"

"मंग बाजूले हून उभा राहीन," ते म्हणाले.

त्या श्रावणात तांड्यावरून तीजेच्या सणाचं आवतन आलं. कुमारिका पोरींनी टोपल्यांत गहू पेरून रोपं वाढवली होती आणि टोपल्या डोक्यावर घेऊन त्या गोल नाचत होत्या. आम्ही तिघंही गेलो होतो, सासूबाई नुसत्या बघायला म्हणून. बंजारा बाईनं त्यांचा बरा झालेला हात धरून त्यांना रिंगणात ओढलं. त्या नको नको म्हणत राहिल्या आणि पाय मात्र ताल धरत गेले. यजमान नव्या चष्म्यातून आपल्या आईकडे बघत होते. त्यांनी मला हळूच विचारलं, "हे कधीपासून?"

"तुम्ही जेलात होता तेव्हापासून," मी सांगितलं, आणि पदर खोचून मीही रिंगणात शिरले.